शिकागोची रिलायन्स बिल्डिंग : डोळ्यांना दिसते त्यातले मूळ किती?

ओसरी (प्रश्न)

नमस्कार. मी स्थापत्य अभियंता आहे. सारी नोकरी रस्ते आणि पुलांच्या कामांवर गेली, आता निवृत्त झालो आहे आणि तीन महिन्यांसाठी मुलीकडे शिकागोजवळ आलो आहे. गेल्या आठवड्यात शहराच्या मध्यभागी, म्हणजे इथे ज्याला ‘लूप’ म्हणतात त्या भागात हिंडत असताना स्टेट आणि वॉशिंग्टन या रस्त्यांच्या चौकात नैर्ऋत्य कोपऱ्यावर एक अरुंद, उंच, पांढरी इमारत दिसली आणि मी अर्धा तास तिच्यासमोर उभा राहिलो. आजूबाजूच्या इमारतींच्या तुलनेत ती ठेंगणी आहे, जेमतेम चौदा-पंधरा मजल्यांची आणि सुमारे 200 फूट उंचीची. तरीही तिच्या भिंतीत काचच इतकी आहे की ती 1895 साली पूर्ण झाली यावर माझा पटकन विश्वास बसला नाही. तिचे नाव रिलायन्स बिल्डिंग. (आपल्याकडच्या उद्योगसमूहाशी या नावाचा काहीही संबंध नाही.) आता तिच्यात हॉटेल आहे.

घरी आल्यावर थोडे वाचले आणि गोंधळ वाढला. एके ठिकाणी ती जॉन वेलबॉर्न रूट यांची रचना म्हटली आहे, दुसरीकडे चार्ल्स ॲटवुड यांची. बांधकामाची सुरुवात 1890 आणि पूर्तता 1895 असे वाचले, पण तिथेच वरच्या दहा मजल्यांचा पोलादी सांगाडा पंधरा दिवसांत उभा राहिला असेही लिहिलेले होते. मग मधली चार-पाच वर्षे काय चालले होते? शिवाय माथ्यावरची जी पुढे आलेली नक्षीदार पट्टी, म्हणजे कॉर्निस, मी मान वर करून इतके कौतुकाने पाहत होतो ती मूळची नाही; मूळची 1948 मध्ये काढून टाकली होती आणि आताची 1990 च्या दशकातली आहे, असे कळले. पांढऱ्या टेराकोटाचे बरेच तुकडेही नव्याने घडवून बसवले आहेत म्हणे.

माझा प्रश्न मनापासूनचा आहे. पुलाची दुरुस्ती करताना आम्ही निकामी झालेला भाग बदलतो, पूल सुरक्षित झाला की काम संपले. तो भाग मूळचा आहे की नाही याची चिंता आम्ही कधी केली नाही. वारसा-इमारतीच्या बाबतीत हिशेब वेगळा असणार. माथा नवा, त्वचेचा काही भाग नवा, आतला वापर संपूर्ण बदललेला, असे असताना मी पाहिली ती 1895 ची इमारत होती, असे म्हणता येईल का? जाणकारांनी या इमारतीचा इतिहास आणि तिच्या जीर्णोद्धारामागचा विचार समजावून सांगावा, ही विनंती.

तळटीप

ओसरी, मी वीस वर्षे शिकागोच्या उपनगरात राहतो आणि या इमारतीवर जीव आहे, त्यामुळे थोडे लांबेल. आपण विचारलेल्या मधल्या चार-पाच वर्षांपासून सुरुवात करतो, कारण या इमारतीची खरी गंमत तिथे आहे.

जागेचे मालक विल्यम एलरी हेल हे उद्वाहनांच्या, म्हणजे लिफ्टच्या, व्यवसायातले. उंच इमारती वाढल्या तर आपला धंदा वाढेल हे त्यांना उमगले होतेच, पण उंच इमारतीत स्वतःचा पैसा घालण्याची तयारीही त्यांच्यापाशी होती. (दुर्बिणींच्या इतिहासात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते ते खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एलरी हेल हे त्यांचे चिरंजीव.) चौकातली ही जागा त्यांनी 1880 च्या दशकात घेतली तेव्हा तिच्यावर बँकेची एक जुनी इमारत उभी होती. तळमजला मोकळा करता येत होता, पण वरच्या मजल्यांवरच्या भाडेकरूंचे करार 1894 पर्यंतचे होते आणि ते मुदतीआधी जागा सोडायला तयार नव्हते.

दुसऱ्या कोणी चार वर्षे वाट पाहिली असती. हेल यांनी वरचे मजले, आतल्या भाडेकरूंसकट, स्क्रूच्या जॅकवर तोलून धरले, खालचा जुना भाग काढून टाकला आणि त्या जागी भावी उंच इमारतीचा पाया, तळघर आणि नवा तळमजला बांधून घेतला. हे आज ऐकताना अचाट वाटते, पण शिकागोच्या कारागिरांच्या हाताला असल्या कामाची सवय होती. 1850 आणि 1860 च्या दशकांत सांडपाण्याच्या नाल्या घालण्यासाठी शहरातल्या रस्त्यांची पातळीच वर घेण्यात आली, तेव्हा विटांच्या मोठमोठ्या इमारती शेकडो जॅक लावून, आतले व्यवहार चालू ठेवून, वर उचलण्यात आल्या होत्या.

हा खालचा भाग बर्नहॅम आणि रूट या वास्तुविशारदांच्या कार्यालयाने केला आणि त्याची रचना रूट यांची. तळमजला तयार झाला, कार्सन पिरी स्कॉट यांचे कापडाचे दुकान तिथे थाटले गेले. मात्र 15 जानेवारी 1891 रोजी न्यूमोनियाने रूट गेले. वय अवघे एकेचाळीस. त्या वेळी हे कार्यालय शिकागोतल्या 1893 च्या जागतिक प्रदर्शनाच्या आखणीत बुडालेले होते. डॅनियल बर्नहॅम यांनी रूट यांच्यानंतर आरेखनाची धुरा चार्ल्स ॲटवुड यांच्याकडे सोपवली. प्रदर्शनातला ललित कलांचा महाल ॲटवुड यांचाच. आज तिथे विज्ञान आणि उद्योग यांचे संग्रहालय आहे. वरच्या भाडेकरूंची मुदत संपली, जुने मजले उतरवले गेले आणि रूट यांच्या तळमजल्याच्या डोक्यावर ॲटवुड यांची पांढरी इमारत चढली. पुढे 1895 च्या डिसेंबरमध्ये ॲटवुडही गेले. म्हणजे ही इमारत पूर्ण झाली आणि वर्षाच्या आत तिचे दोन्ही रचनाकार हयात नव्हते.

म्हणून ‘ही कोणाची रचना’ या प्रश्नाचे उत्तर मजल्यावर अवलंबून आहे. रूट यांचा तळ तांबूस-तपकिरी ग्रॅनाइट आणि कांस्याच्या नक्षीचा, गडद. त्याच्या वर ॲटवुड यांचा मलईच्या रंगाकडे झुकणारा चकचकीत टेराकोटा. एका इमारतीत दोन स्वभाव आहेत आणि मला तरी ते एकमेकांशी भांडताना दिसत नाहीत.

पुढची कहाणी चढउताराची आहे. कार्यालये प्रामुख्याने डॉक्टर आणि दंतवैद्य यांनी घेतली, कारण त्यांच्या तपासणीच्या कामाला इतका उजेड दुसरीकडे मिळत नव्हता. प्रत्येक कार्यालयात वीज आणि दूरध्वनीची सोयही होती. 1930 च्या मंदीनंतर उतरती कळा लागली. तळमजल्यावरची दुकाने बदलत गेली आणि प्रत्येक नव्या दुकानदाराने रूट यांचा दर्शनी भाग थोडा थोडा झाकला किंवा काढला. 1948 मध्ये कॉर्निस गेली. मी इथे आलो तेव्हाचे जुने रहिवासी सांगत की 1980 च्या दशकात ही इमारत काळवंडलेली, वरचे बरेचसे मजले रिकामे, अशी उभी होती आणि तिच्याकडे कोणी मान वर करून पाहत नसे. गंमत अशी की कागदोपत्री तिचा सन्मान आधीच झाला होता: 1970 मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नाव लागले, 1975 मध्ये शहराने तिला वारसास्थळ ठरवले आणि 1976 मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू झाली. सन्मानपत्राने छप्पर गळायचे थांबत नाही.

तिच्या समोर, वॉशिंग्टन रस्त्याच्या पलीकडे, 1989 मध्ये चार रस्त्यांमधला इमारतींचा जवळजवळ अख्खा एक गट पाडला गेला, ज्याला इथे ‘ब्लॉक 37’ म्हणतात. नव्या प्रकल्पासाठी पाडलेली ती जागा वीसेक वर्षे ओसाडच राहिली. त्याआधी 1972 मध्ये ॲडलर आणि सलिव्हन या वास्तुविशारदांची शेअर बाजाराची इमारत पाडली गेली आणि तिच्यातले नक्षीकाम वाचवण्यासाठी आत गेलेले छायाचित्रकार रिचर्ड निकेल त्या ढिगाऱ्याखाली मृत्युमुखी पडले. 1990 च्या दशकाच्या मध्यावर शहराने रिलायन्स बिल्डिंग स्वतः ताब्यात घेतली आणि बाहेरची दुरुस्ती आधी करून घेतली, त्यामागे या दोन घटनांची बोच होती असे माझे मत आहे. नंतर ती खाजगी विकासकाकडे गेली आणि 1999 मध्ये 122 खोल्यांचे हॉटेल सुरू झाले. त्याला बर्नहॅम यांचे नाव दिले होते आणि तळमजल्यावरच्या उपाहारगृहाला ॲटवुड यांचे. आता हॉटेलाचे नाव बदलले आहे.

कैची

मी इमारतींच्या सांगाड्यांचे काम करतो, त्यामुळे सांगाड्यापुरते लिहितो.

पंधरा दिवसांत दहा मजले, हे ऐकायला चमत्कारिक असले तरी त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. पोलादाचे भाग कारखान्यात मापाने कापून, भोके पाडून येत होते. जागेवर ते उभे करून जोडायचे एवढेच काम उरत होते. अभियंता एडवर्ड शँकलंड यांनी खांब एकेका मजल्याचे न घेता दोन-दोन मजल्यांचे एकसंध घेतले आणि शेजारच्या दोन खांबांचे सांधे एकाच मजल्यावर येणार नाहीत अशी रचना केली. सगळे सांधे एका पातळीवर आले तर तिथे इमारत मोडती राहते; ते आलटून पालटून ठेवले की प्रत्येक मजल्यावर निम्मे खांब सलग असतात आणि अख्खा सांगाडा ताठ राहतो.

वाऱ्याचा प्रश्न याहून मोठा होता. इतकी उंच आणि इतकी अरुंद इमारत वाऱ्याने डुलू नये म्हणून त्या काळी तिरपे गज घालण्याची पद्धत होती, पण तिरपे गज खिडक्यांच्या आड येतात. शँकलंड यांनी बाहेरच्या खांबांना मजल्याच्या पातळीवर 24 इंच खोलीचे गर्डर, म्हणजे आडव्या तुळया, घट्ट जोडले. टेबलाचे पाय वरच्या फळीखालच्या रुंद पट्टीला पक्के बसवले तर तिरपा आधार न देताही टेबल हलत नाही, तेच हे तत्त्व. हे गर्डर दोन खिडक्यांच्या रांगांमधल्या पट्ट्यांत लपले आणि खांबापासून खांबापर्यंतची सगळी जागा काचेला मोकळी मिळाली. ओसरी, आपण रस्त्यावरून जी काच पाहिली ती या गर्डरांमुळे शक्य झाली. तिथल्या गाळ्यांत, म्हणजे भिंतीच्या पुढे काढलेल्या खिडक्यांच्या भागांत, मधे मोठी पक्की काच आणि तिच्या दोन्ही बाजूंना हवेसाठी उघडणाऱ्या अरुंद खिडक्या आहेत. या रचनेला पुढे शहराचेच नाव पडले, शिकागो खिडकी.

याची किंमत कळायला हवी असेल तर तिथून थोडे दक्षिणेला जाऊन मोनॅडनॉक बिल्डिंग जरूर पाहा. तिचा उत्तरेकडचा अर्धा भाग बर्नहॅम आणि रूट यांचाच, 1891 चा, सोळा मजल्यांचा, पण भार भिंतींवर घेतलेला. तळाशी त्या विटांच्या भिंती सहा फूट जाडीच्या आहेत. भाड्याने देण्याची सर्वांत महागडी जागा भिंतीतच गेली. शिवाय शिकागोची जमीन म्हणजे खोलवर मऊ चिकणमाती. इमारत जितकी जड तितकी ती खचणार. रूट यांनी आधीच्या इमारतींत रेल्वेच्या रुळांची जाळी काँक्रीटमध्ये गाडून रुंद, पण उथळ पायथे करण्याची युक्ती काढली होती, कारण खोल दगडी पायथ्यांनी तळघराची जागा खाल्ली जाई. वरचा भारच हलका झाला तर हे सगळेच सोपे होते.

आता आपल्या प्रश्नाकडे. सांगाड्याच्या इमारतीत बाहेरची भिंत कशालाही उचलून धरत नाही. तिचे स्वतःचे वजनही मजल्यागणिक पोलादावर टेकवलेले असते. त्यामुळे टेराकोटाचा तुकडा काढून दुसरा बसवणे म्हणजे दगडी वाड्याचा चिरा काढण्यासारखे नाही. सांगाडा 1890 च्या दशकातला आहे आणि जागच्या जागी आहे. माझ्या लेखी इमारत मूळची आहे आणि बाकीचा कपड्यांचा प्रश्न आहे.

ओसरी

तळटीप आणि कैची, दोघांचेही मनापासून आभार. भाडेकरू वर आणि पाया खाली, हे वाचून मी थक्क झालो. चालू वाहतुकीखाली पुलाचे खांब बदलण्याचे काम मी एकदाच केले आहे आणि त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

कैची यांचे म्हणणे अभियंता म्हणून पटते. पण मग एक शंका येते. मी रस्त्यावर उभा राहून सांगाडा पाहिलाच नाही. जे पाहून थांबलो ते सगळे ‘कपडे’च होते.

चुनेगच्ची

ओसरी यांची शंका अगदी बरोबर आहे आणि कैची यांच्याशी मी इथे असहमत आहे. मी मुंबईत जुन्या इमारतींच्या संवर्धनाचे काम करते. ॲटवुड यांनी या इमारतीत जे केले ते बहुतेक सगळे तिच्या त्वचेत आहे: गॉथिक वळणाची बारीक नक्षी, खिडक्यांच्या मधले सडपातळ खांबांचे जुडगे, पट्ट्यांवरची चार पाकळ्यांची आकृती. सांगाडा उभा आणि त्वचा बदललेली अशी इमारत वाचली असे मी म्हणणार नाही. म्हणून त्वचेतले किती वाचवले आणि कसे वाचवले याला महत्त्व आहे.

टेराकोटाविषयी आधी थोडे सांगते, कारण आपल्याकडे हा शब्द कुंड्या आणि कौलांपुरता उरला आहे. या इमारतीवरचे तुकडे म्हणजे आतून पोकळ असलेले, साच्यात घातलेल्या मातीचे, भट्टीत भाजलेले ठोकळे. दर्शनी बाजूला काचेसारखा लेप. पोकळीत वीट आणि मसाला भरून ते लोखंडी आकड्यांनी सांगाड्याला अडकवलेले असतात. त्या काळी कोळशाच्या धुराने काळ्या झालेल्या शहरात अशा चकचकीत पृष्ठभागाविषयी मोठा विश्वास होता की पाऊस पडला की इमारत आपोआप धुतली जाईल. एका मर्यादेपर्यंत ते खरेही होते. पण इमारतीचे आयुष्य धुळीने कमी होत नाही, पाण्याने होते.

भट्टीतून निघाल्यावर लेप आणि माती वेगवेगळ्या मापाने आकसतात, वर्षानुवर्षे उन्हाथंडीत हलतात आणि लेपावर केसासारख्या बारीक तडा जातात. त्या तडांतून किंवा झिजलेल्या दर्जांतून, म्हणजे तुकड्यांमधल्या सांध्यांतून, पाणी आत शिरते. आत गेलेले पाणी बाहेर पडायला लेप वाट देत नाही. शिकागोच्या हिवाळ्यात त्याचे बर्फ होते, फुगते आणि लेपाचे पापुद्रे उडतात. त्याहून वाईट म्हणजे ते पाणी लोखंडी आकड्यापर्यंत पोहोचते. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो; ज्या आकड्याने तुकडा धरून ठेवायचा तोच तुकड्याला आतून फोडतो. बाहेरून एक तडा दिसते तेव्हा आत आकडा शिल्लक आहे की नाही हे तुकडा उतरवल्याशिवाय सांगता येत नाही.

म्हणून असल्या कामात परांची चढल्यावर पहिला काळ मोजण्यात आणि ठोकून पाहण्यात जातो. प्रत्येक तुकड्यावर लाकडी हातोडीने टिचकी मारायची; खणखणीत आवाज आला तर तुकडा निरोगी, बद्द आवाज आला तर आत पोकळ किंवा तडकलेला. जत्रेत मडके घेताना आपली आजी जे करायची तेच. मग प्रत्येक तुकड्याचा नकाशावर निर्णय लिहायचा: जसा आहे तसा ठेवायचा, जागेवर सांधायचा, उतरवून आकडा बदलून पुन्हा बसवायचा, की नवा घडवायचा. रिलायन्सच्या बाहेरच्या कामावर वास्तुविशारद गनी हार्बो हे होते आणि त्यांनी जे बदलले त्याहून जे ठेवले ते मला अधिक मोलाचे वाटते. पांढरी इमारत पांढरीच करायची होती तर सगळे उतरवून एकसारखे नवे लावणे किंवा सरसकट रंग फासणे सोपे होते.

नवा तुकडा घडवणे हेही चिकाटीचे काम. माती वाळताना आणि भाजताना आकसते, म्हणून 12 इंचांचा तुकडा हवा असेल तर साचा 13 इंचांच्या आसपास घ्यावा लागतो. जुन्या तुकड्यावरून थेट साचा काढला तर नवा तुकडा जागेत ढिला बसतो. रंग जुळवणे त्याहून कठीण, कारण शंभर वर्षे ऊनपाऊस खाल्लेल्या पांढऱ्याला एक नाव नसते. आणि शेवटी दर्जा भरायचा मसाला. तो नेहमी तुकड्यापेक्षा मऊ हवा. मसाला कडक झाला की हालचालीचा सगळा ताण तुकड्याच्या कडांवर जातो आणि कडा उडतात. दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या इमारतीवर मी कामाला लागले तेव्हा आधीच्या दुरुस्तीत चुन्याच्या दर्जा खरवडून कडक सिमेंट भरलेले होते. वीस वर्षांत विटा आत गेल्या होत्या आणि सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या बाहेर उभ्या होत्या. ते दृश्य मी विसरू शकत नाही. चांगल्या हेतूने केलेल्या दुरुस्तीने ती भिंत मारली होती.

आता कॉर्निस. हरवलेला भाग नव्याने घडवावा का, यावर आमच्या क्षेत्रात खूप वाद आहेत आणि मी सहसा ‘घडवू नये’ या बाजूची आहे. पण इथे तो घडवला हे मला मान्य आहे. तिचे रूप नेमके काय होते हे जुन्या छायाचित्रांतून ठाऊक होते, कल्पनेने भरायचे काही नव्हते. शिवाय या इमारतीच्या बाहेर काढलेल्या गाळ्यांच्या उभ्या रेषा चढत चढत जातात आणि कुठेतरी थांबायला हव्यात. 1948 नंतरच्या छायाचित्रांत त्या नुसत्या कापल्यासारख्या दिसतात. रूट यांच्या तळमजल्याचे दर्शनी रूपही असेच पुराव्यावरून पुन्हा केले आहे. मात्र आपण उत्तर मागितले आहे तर स्पष्ट सांगते: माथा आणि तळ हे 1990 च्या दशकातले काम आहे आणि त्याला तेच म्हणावे. मधले मजले मोठ्या प्रमाणात 1895 चे आहेत.

आत जाता आले तर वरच्या मजल्यांच्या मार्गिका पाहाव्यात. कार्यालयांचे धुरकट काचेचे लाकडी दरवाजे, संगमरवरी पट्ट्या, बारीक तुकड्यांची फरशी आणि उद्वाहनाच्या जाळीची नक्षी हे सगळे जपून किंवा जुळवून ठेवले आहे. आज पाहुणा ज्या दारातून झोपायला जातो त्याच्या काचेवर खोलीचा क्रमांक पूर्वीच्या कार्यालयासारखा रंगवलेला आहे.

माळवद

सर्वांचे लेखन उत्तम आहे, पण एक गोष्ट राहून जाते आहे असे वाटते. 1895 कडेच परत जायचे हे कोणी ठरवले? ही इमारत शंभर वर्षे जगली. मंदीतले दंतवैद्य आणि पुढच्या काळातली दुकाने हाही तिचाच इतिहास होता. जीर्णोद्धारात तो पुसला गेला. विसाव्या शतकातल्या इतिहासकारांनी आधीच एकदा असे केले होते: त्यांना काचेच्या आधुनिक मनोऱ्याचा पूर्वज हवा होता, म्हणून त्यांनी या इमारतीतली काच आणि पोलाद पाहिले आणि ॲटवुड यांच्या गॉथिक नक्षीकडे दुर्लक्ष केले. प्रत्येक पिढी आपल्याला हवी ती इमारत तिच्यात पाहते. आम्ही वास्तुकला शिकत असताना ही इमारत आम्हाला ‘सुरुवात’ म्हणून शिकवली होती, तिचा तळमजला दाखवणारे चित्र फळ्यावर कधी आले नाही.

तरीही मी या जीर्णोद्धाराच्या विरोधात नाही, आणि त्याचे कारण मुंबईत आहे. काळा घोड्याजवळची वॉटसन हॉटेलची इमारत, आताची एस्प्लनेड मॅन्शन, ही सांगाड्याच्या बाबतीत रिलायन्सची आजी शोभावी अशी आहे. तिचे ओतीव आणि घडीव लोखंडाचे भाग इंग्लंडमध्ये तयार झाले, जहाजाने आले आणि 1867 ते 1869 या काळात मुंबईत जोडले गेले. रचना रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याची. भिंती नुसत्या भरावाच्या, भार लोखंडावर. 1896 च्या जुलैत ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथेच. 2005 मध्ये तिच्या सज्जांचा काही भाग कोसळला, जागतिक पातळीवर धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत नाव गेले आणि 2019 मध्ये रहिवाशांना बाहेर काढावे लागले. तज्ज्ञांचा एक अहवाल पाडण्याच्या बाजूचा होता, संवर्धनवाद्यांनी त्याला हरकत घेतली.

दोन्ही ठिकाणी मूळ अडचण तीच: इमारतीत अनेक भाडेकरू, भाडे अपुरे, मालकाला दुरुस्ती परवडत नाही. मुंबईत जुन्या भाडेनियंत्रणाने आणि पागडीने हा गुंता दशकानुदशके घट्ट केला. शिकागोत शहराने इमारत स्वतः घेतली, सर्वांत खर्चिक आणि बिनफायद्याचा भाग म्हणजे बाहेरची त्वचा आधी सावरली आणि मग वापर शोधला. अमेरिकेत नोंदलेल्या ऐतिहासिक इमारतीची मान्य पद्धतीने दुरुस्ती केल्यास खर्चाच्या वीस टक्क्यांइतकी केंद्रीय करसवलत मिळते, हेही अशा प्रकल्पांचे गणित जुळायला मदत करते. लहान लहान कार्यालये हॉटेलच्या खोल्या म्हणून चपखल बसली हा सुदैवाचा भाग, पण कोणीतरी आधी परांची चढवली म्हणून त्या सुदैवाला वाव मिळाला.

तळटीप

माळवद यांचा मुद्दा मान्य. एक भर: 1890 मध्ये हेल यांनीही भाडेकरूंना बाहेर काढले नव्हते. काढता आले नाही म्हणून काढले नाही, हे खरे, पण त्यांच्या करारांचा मान राखून त्यांच्या पायाखाली इमारत बांधली गेली.

कैची

चुनेगच्ची यांच्या लेखनानंतर ‘कपडे’ हा शब्द मी मागे घेतो. सांगाडा शाबूत राहिला तोही त्वचेने पाणी रोखले तोवरच; गंजाचा तो क्रम पुढे चालू राहिला असता तर आकड्यांनंतर खांबांचाच क्रमांक होता.

ओसरी

सर्वांचा ऋणी आहे. शनिवारी सकाळी पुन्हा जाणार आहे, या वेळी दुर्बीण घेऊन. नवे आणि जुने तुकडे रस्त्यावरून ओळखू येतील का आणि कुठून पाहावे, एवढे कोणी सांगितले तर उपकार होतील.

चुनेगच्ची

चौकाच्या समोरच्या तिरक्या कोपऱ्यावर, पूर्वीच्या मार्शल फील्ड दुकानाचे मोठे घड्याळ टांगलेले आहे त्याच्याखाली उभे राहा. तिथून दोन्ही दर्शनी बाजू एकदम दिसतात. आपले दर्शन पूर्व आणि उत्तरेचे असेल, म्हणून सकाळचे ऊन स्टेट रस्त्याच्या बाजूवर तिरपे पडत असताना जा. रंगाकडे पाहू नका, रंगाने फसायला होते. खिडक्यांच्या वरच्या पट्ट्यांत नक्षीच्या कडा पाहा: जिथे चार पाकळ्यांची कड धारदार आणि सावली काळीभोर आहे तो तुकडा बहुधा नवा, जिथे कड किंचित मवाळ झाली आहे आणि लेपावर ऊन एकसारखे न चमकता थोडे थरथरते तिथे आपण 1895 कडे पाहत आहात.